इस्लामी विधिज्ञाची घडण : ग्रंथपरंपरा, न्यायालय आणि आसफ फैजी यांचे कार्य

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यात तारापूरलगत असलेल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजान मंडलाचा कारभार पाहणाऱ्या एका ‘ताजिक’ अधिकाऱ्याचा त्यात उल्लेख येतो. मधुमती हे त्याचे नाव म्हणजे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांनी मानले आहे. या अरब अधिकाऱ्याने राजाच्या संमतीने संजान येथील मठिकेला दान दिल्याची नोंद त्याच ताम्रपटात आहे. उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती किती जुनी आहे आणि ती कोणत्या प्रकारच्या सहजीवनात रुजली, याचा हा बोलका पुरावा होय.

या किनाऱ्यावर इस्लाम मुख्यतः समुद्रमार्गे, अरबी व्यापाऱ्यांबरोबर आला. त्यामुळे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई विधिपरंपरेचे अनुयायी आहेत. भूमार्गाने, मध्य आशियातून आलेल्या राज्यकर्त्यांमुळे उत्तर भारतात मात्र हनफी परंपरा दृढ झाली. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या वाढीबरोबर उत्तर भारतातून आलेली मुस्लिम कुटुंबे बहुधा हनफी आहेत. परिणामी एकाच परिसरात, कधी एकाच मशिदीत, दोन विधिपरंपरांची माणसे शेजारी उभी असतात. हा भेद केवळ नमाजाच्या तपशिलापुरता नाही. सज्ञान मुलीला वलीच्या, म्हणजे पालकाच्या, संमतीवाचून निकाह करता येतो काय, या प्रश्नाला हनफी परंपरा सामान्यतः होकारार्थी, तर शाफई परंपरा नकारार्थी उत्तर देते.

असे प्रश्न उद्भवले असता ‘कायदा काय आहे’ हे सांगण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या अधिकारासाठी कोणते शिक्षण आवश्यक, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम पारंपरिक प्रशिक्षणाचे स्वरूप, नंतर ब्रिटिश न्यायालयांनी घडविलेल्या ‘मुहम्मदी कायद्या’चे स्वरूप आणि अखेरीस या दोहोंचा संगम आपल्या अभ्यासात घडवून आणणारे महाराष्ट्रातील विधिज्ञ आसफ अली असगर फैजी (१८९९-१९८१) यांची घडण, या क्रमाने विवेचन केले आहे.

मूलभूत संकल्पना

शरियत आणि फिक्ह या दोन संज्ञा व्यवहारात समानार्थी वापरल्या जात असल्या तरी त्यांत महत्त्वाचा भेद आहे. शरियत म्हणजे ईश्वराने दाखविलेला मार्ग. फिक्ह म्हणजे त्या मार्गाचे मानवी बुद्धीने केलेले आकलन. कुराण, हदीस, इज्मा (विद्वानांचे एकमत) आणि कियास (सादृश्यावर आधारलेले अनुमान) हे सुन्नी फिक्हचे चार मुख्य आधार होत. आकलन मानवी असल्यामुळे त्यात मतभेद संभवतात. हनफी, मालिकी, शाफई व हंबली या चार सुन्नी परंपरा आणि शिया पंथांच्या स्वतंत्र परंपरा या मतभेदांतूनच आकारास आल्या.

फिक्ह जाणणाऱ्या विद्वानाच्या दोन भूमिका परंपरेने वेगळ्या मानल्या आहेत. विचारलेल्या प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर देतो तो मुफ्ती आणि उभय पक्षांचे म्हणणे ऐकून निवाडा करतो तो काझी. मुफ्तीचे उत्तर, म्हणजे फतवा, हे मत असते. त्याचे पालन प्रश्नकर्त्याच्या श्रद्धेवर अवलंबून असते. काझीचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो, कारण त्यामागे राज्यसत्ता उभी असते. फतव्याच्या लेखनपद्धतीतही हा भेद दिसतो. पारंपरिक फतव्यांत पक्षकारांच्या खऱ्या नावांऐवजी ‘जैद’, ‘हिंदा’ अशी सांकेतिक नावे योजली जातात. ‘जैदने हिंदाला असे म्हटले तर काय?’ अशा प्रश्नात घटना खरोखर घडली की नाही याची चौकशी नसते. घडली असल्यास तिचा शास्त्रीय परिणाम काय, एवढेच सांगायचे असते. पुराव्याची छाननी हे काझीचे काम होय.

मदरशातील प्रशिक्षण

भारतीय उपखंडातील बहुसंख्य मदरशांचा अभ्यासक्रम ‘दर्से निजामी’ या नावाने ओळखला जातो. लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी तो रूढ केला. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने त्यात हदीसच्या अध्ययनाला अधिक महत्त्व दिले. आरंभीची वर्षे अरबी व्याकरणात जातात. शब्दसिद्धी आणि वाक्यरचना यांवर प्रभुत्व आल्याखेरीज पुढील ग्रंथ हाती दिले जात नाहीत. त्यानंतर तर्कशास्त्र, फिक्ह आणि उसूले फिक्ह, म्हणजे विधिनिर्णयाची तत्त्वे, यांचे अध्ययन समांतरपणे चालते. हनफी फिक्हमध्ये ‘नूरुल ईजाह’ आणि ‘कुदूरी’ या प्राथमिक ग्रंथांपासून ‘कन्जुद्दकाइक’ व ‘शरहे विकाया’ या मार्गाने विद्यार्थी बाराव्या शतकातील मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’पर्यंत पोहोचतो. अखेरच्या वर्षी हदीसच्या प्रमुख संग्रहांचे गुरूसमोर वाचन होते आणि सनद मिळते. शाफई परंपरेत तेराव्या शतकातील नववी यांच्या ‘मिन्हाज’ला असेच मध्यवर्ती स्थान आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे कुराणाचे अरबी भाष्यकार याच शाफई परंपरेतील होत.

सनद मिळाल्याने विद्यार्थी आलिम होतो, मुफ्ती होत नाही. मुफ्ती होण्यासाठी ‘इफ्ता’चे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांचे ‘रद्दुल मुहतार’ आणि मुफ्तीने पाळावयाच्या नियमांवरील त्यांचा लघुग्रंथ विशेष अभ्यासले जातात. परंपरेतील अनेक मतांपैकी फतव्यासाठी ग्राह्य मत कोणते आणि रूढी बदलल्यास उत्तर केव्हा बदलावे, हे त्यांवरून शिकायचे असते. या प्रशिक्षणाचा खरा गाभा प्रत्यक्ष लेखनात आहे. विद्यार्थ्याला प्रश्न दिला जातो, तो ग्रंथांतून आधार शोधून उत्तराचा मसुदा तयार करतो, गुरू तो तपासतात आणि योग्य वाटल्यास त्यावर ‘अल्जवाब सहीह’ (उत्तर बरोबर आहे) असा शेरा देऊन स्वाक्षरी करतात.

ही पद्धत केवळ पाठांतराची आहे, हा समज अपुरा होय. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३) यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हनफी मतानुसार पती बेपत्ता झाल्यास पत्नीला जवळजवळ आयुष्यभर वाट पाहावी लागे. पती पोषण करीत नसला तरी तिला विवाहविच्छेद मिळणे दुरापास्त होते. विवाहबंधनातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मत्याग करू लागल्या, तेव्हा थानवी यांनी मालिकी विद्वानांशी पत्रव्यवहार करून १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘अल्हीलतुन्नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला. गरजेच्या प्रसंगी दुसऱ्या परंपरेचे मत स्वीकारता येते, हे तत्त्व त्यात परंपरेच्याच आधारे मांडले होते. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा या वैचारिक पायावर उभा राहिला. पती चार वर्षे बेपत्ता असल्यास किंवा त्याने दोन वर्षे पोषण न केल्यास पत्नीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळण्याची तरतूद त्यात आहे. मात्र असा विच्छेद मुस्लिम न्यायाधीशानेच करावा, ही उलेमांची अपेक्षा विधिमंडळाने मान्य केली नाही. शास्त्र मदरशातून आले, अधिकार न्यायालयाकडे राहिला.

न्यायालयातील ‘मुहम्मदी कायदा’

हा दुभंग १९३९ मध्ये निर्माण झालेला नव्हता. १७७२ च्या वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार वारसा, विवाह इत्यादी बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लागू करण्याचे ठरले. इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नसल्याने न्यायालयांत मौलवींची नेमणूक झाली. पुढे अनुवादांवर भिस्त ठेवण्यात आली. ‘हिदाया’चा चार्ल्स हॅमिल्टन यांचा इंग्रजी अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु तो मूळ अरबीवरून नव्हे, तर त्याच्या फार्सी रूपांतरावरून केलेला होता. १८६४ मध्ये न्यायालयांतील मौलवींची पदे रद्द झाली. त्यानंतर न्यायाधीशासमोर उरले ते अनुवाद आणि पूर्वीचे निकाल.

मुंबई प्रांतात याला आणखी एक पदर होता. येथे रूढीला विशेष महत्त्व दिले गेले. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी खोजा व मेमन समाजांच्या गाजलेल्या खटल्यांत, कुराणाने मुलींना दिलेला वारसाहक्क त्या समाजांच्या रूढीपुढे टिकत नाही, असा निर्णय दिला. रूढीचे हे वर्चस्व १९३७ च्या शरियत कायद्याने बहुतांशी संपुष्टात आणले. दुसऱ्या बाजूने, न्यायालयाच्या मार्गाने काहींना मोकळीकही मिळाली. शाफई कुटुंबातील एका सज्ञान मुलीने हनफी परंपरा स्वीकारून पित्याच्या संमतीवाचून केलेला निकाह मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरविला. ‘मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद’ (१८६४) हा तो निर्णय कोकणातील मुस्लिम समाजाच्या दृष्टीने आजही बोधप्रद आहे. परंपरा ही जन्माने कायमची ठरत नाही, असे त्यातून सूचित होते.

अनुवाद आणि परकीय न्यायकल्पना यांवर विसंबण्याचे दुष्परिणाम १८९४ च्या ‘अबुल फता’ खटल्यात प्रकर्षाने दिसले. स्वतःच्या वंशजांसाठी केलेला वक्फ हा फिक्हमध्ये धर्मकृत्य मानला जातो, कारण कुटुंबाचे पोषण हाही दानधर्मच होय. प्रिव्ही कौन्सिलने इंग्रजी कायद्यातील दानाची कल्पना प्रमाण मानून असा वक्फ अवैध ठरविला. या निर्णयाविरुद्ध दीर्घकाळ असंतोष राहिला आणि अखेरीस १९१३ मध्ये मुसलमान वक्फ वैधीकरण कायदा करून तो निष्प्रभ करावा लागला. एका संज्ञेचा अर्थ नीट न कळल्यामुळे वीस वर्षे अनेक कुटुंबांच्या मालमत्तांवर अनिश्चितता राहिली.

आसफ फैजी : जीवन आणि शिक्षण

न्यायालयाने ज्याला कायदा म्हटले आणि ग्रंथांत जो कायदा होता, त्यांतील हे अंतर मोजू शकेल असा अभ्यासक दोन्ही विद्यांत पारंगत असणे आवश्यक होते. आसफ अली असगर फैजी यांचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरान येथे झाला. त्यांचे घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे असून मुंबईच्या तय्यबजी कुळाशी त्याचे निकटचे नाते होते. न्या. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे पुत्र, मुस्लिम कायद्यावरील ग्रंथाचे कर्ते फैज तय्यबजी, हे याच कुळातील होत. कायद्याचे वातावरण घरातच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षणानंतर फैजी केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी अरबी व फार्सीचे अध्ययन केले आणि १९२५ मध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. ब्राउन, निकल्सन आणि बेव्हन हे त्या काळी केंब्रिजमधील पौर्वात्य विद्येचे आधारस्तंभ होते. भाषाशास्त्रीय शिस्त आणि वकिली प्रशिक्षण ही दोन्ही एकाच काळात मिळणे ही त्यांच्या घडणीतील निर्णायक बाब होय. परत आल्यावर १९२६ ते १९३८ या काळात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. वकिलीबरोबरच हस्तलिखितांचे संशोधन चालू होते. १९३३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इस्लामिक रिसर्च असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते.

मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ ते १९३८ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९३८ मध्ये ते फैजी यांच्याकडे आले व १९४७ पर्यंत राहिले. प्राचार्यपदाबरोबर ते विधिशास्त्राचे पेरी प्राध्यापकही होते. खोजा-मेमन खटल्याचा निर्णय देणाऱ्या न्यायाधीशाच्या नावाचे हे अध्यासन, त्याच निर्णयासारख्या निर्णयांतून घडलेल्या कायद्याची मूळ ग्रंथांशी तुलना करणाऱ्या अभ्यासकाकडे आले. स्वातंत्र्यानंतर फैजी हे १९४९ ते १९५१ या काळात इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, १९५२ ते १९५७ या काळात संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि १९५७ ते १९६० या काळात जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. २३ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ग्रंथकार्य आणि अभ्यासपद्धती

फैजी यांच्या कार्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग मूळ संहितेच्या संशोधनाचा. बोहरा समाज फातिमी इस्माइली विधिपरंपरा पाळतो. या परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे दहाव्या शतकातील काझी नुअमान (मृत्यू ९७४) यांचा ‘दआइमुल इस्लाम’. हा ग्रंथ शतकानुशतके समाजाच्या खाजगी ग्रंथसंग्रहांत हस्तलिखित स्वरूपात राहिला होता. त्यामुळे ‘शिया’ म्हणजे इस्ना अशरी, असे समजून बोहरा पक्षकारांना इस्ना अशरी नियम लागू केले जाण्याचा धोका होता. वस्तुतः दोहोंत मूलगामी भेद आहेत; उदाहरणार्थ, मुदतीचा विवाह, म्हणजे ‘मुता’, इस्ना अशरी परंपरेत वैध, तर फातिमी परंपरेत निषिद्ध आहे. फैजी यांनी १९३३ मध्ये या ग्रंथातील मृत्युपत्राचे प्रकरण इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केले. पुढे अनेक हस्तलिखिते ताडून त्यांनी संपूर्ण अरबी संहिता सिद्ध केली. तिचा पहिला खंड १९५१ मध्ये आणि दुसरा १९६० मध्ये कैरो येथे प्रकाशित झाला. स्वतःजवळील इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिली. खाजगी संग्रहात असलेला कायदा अशा रीतीने न्यायाधीश, वकील आणि खुद्द त्या समाजातील स्त्री-पुरुष यांना तपासून पाहता येईल असा झाला.

दुसरा भाग प्रचलित कायद्याच्या मांडणीचा. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ हा त्यांचा पाठ्यग्रंथ विधी महाविद्यालयांत दीर्घकाळ मान्यता पावला. त्याची ताहिर महमूद यांनी सुधारलेली पाचवी आवृत्ती २००८ मध्ये निघाली. मुंबईतच तयार झालेला दिनशा मुल्ला यांचा ग्रंथ कलमवार नियम देतो व तो वकिलाला सोयीचा आहे. फैजी यांचा ग्रंथ नियमामागील इतिहास, परंपरांमधील मतभेद आणि न्यायालयाने त्यास दिलेले वळण ही तिन्ही अंगे एकत्र दाखवितो. भारतीय न्यायालयांत लागू होणारा कायदा म्हणजे शुद्ध शरियत नव्हे. इंग्रजी समन्यायाच्या तत्त्वांशी झालेल्या संयोगातून तो घडला आहे, ही त्यांची भूमिका होती. हे एकदा मान्य केले की त्या कायद्यातील प्रत्येक नियम ईश्वरी व म्हणून अपरिवर्तनीय आहे हा दावा, आणि त्यातील प्रत्येक दोष इस्लामचा आहे हा आरोप, दोन्ही सारखेच दुर्बल ठरतात. ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ (१९६३) या ग्रंथात त्यांनी पुढचे पाऊल टाकून धर्म आणि कायदा यांत भेद करण्याची गरज प्रतिपादन केली.

या कार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. फैजी हे इफ्ताच्या परंपरेतून आलेले नव्हते. त्यांच्या मताला फतव्याचे स्थान नव्हते. धर्म व कायदा यांच्या विभाजनाचा त्यांचा विचार उलेमांच्या वर्तुळात व्यापकपणे स्वीकारला गेला नाही. थानवी यांचे मत समाजाने ऐकले, कारण ते परंपरेच्या आतून आले होते. फैजी यांचे मत न्यायालयांनी ऐकले, कारण ते न्यायालयाच्या भाषेत मांडलेले होते.

सद्यःस्थिती

स्वातंत्र्योत्तर काळात दोन्ही प्रवाह आपापल्या मार्गाने पुढे गेले. १९७२ च्या मुंबई अधिवेशनातील विचारविनिमयानंतर १९७३ मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची स्थापना झाली. काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इस्लामिक फिक्ह अकादमीने आधुनिक वैद्यक, विमा, बँकव्यवहार यांसारख्या विषयांवर उलेमांच्या सामूहिक विचारविनिमयाची प्रथा पाडली. तिकडे न्यायालयांत, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने ‘दगडू पठाण’ खटल्यात २००२ मध्ये, तलाक नुसता उच्चारल्याचे सांगणे पुरेसे नसून कारण व समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतील, असा निर्णय दिला. त्याच वर्षी ‘शमीम आरा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा घेतली. फतवा आणि दारुल कजाचे निर्णय यांना कायद्याचे बंधनकारक बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. २०१७ च्या ‘शायरा बानो’ निकालात एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक बहुमताने रद्दबातल ठरला. न्या. रोहिंटन नरीमन यांच्या निकालपत्रात कृत्यांचे धर्मशास्त्रीय वर्गीकरण सांगताना फैजी यांच्या ग्रंथाचा आधार घेतलेला आहे. २०१९ मध्ये या विषयावर संसदेने कायदा केला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने स्त्रियांना काझीपदाचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. कायदा कोणी सांगावा, हा प्रश्न त्यामुळे नव्या रूपात पुढे आला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, इस्लामी विधिज्ञाच्या शिक्षणाची दोन अंगे आहेत : संहिता जाणणे आणि माणसांचे वाद जाणणे. परंपरेत ही अंगे मुफ्ती आणि काझी यांच्या रूपाने एकाच विद्येच्या दोन शाखा होती. १८६४ नंतर ती दोन वेगळ्या संस्थांत, दोन वेगळ्या भाषांत विभागली गेली. मदरशातील विद्वानाला न्यायालयाची कार्यपद्धती अपरिचित राहिली. वकील व न्यायाधीश यांना अरबी संहिता अपरिचित राहिली. याची किंमत बेपत्ता पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीने, वारसाहक्क नाकारल्या गेलेल्या मुलीने आणि ज्यांचा वक्फ अवैध ठरला अशा कुटुंबाने मोजली.

फैजी यांचे महत्त्व त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी सहमत होण्यात नाही. मूळ भाषा, इतिहास आणि न्यायालयीन अनुभव यांचा मेळ घालता येतो, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. हा मेळ त्यांनी ज्या ठिकाणी साधला ते ठिकाण मदरसा नव्हते आणि केवळ न्यायालयही नव्हते. बराच काळ ते एक महाविद्यालय होते. शाफई आणि हनफी कुटुंबे ज्या परिसरात शेजारी राहतात, तेथील महाविद्यालयांत इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापकांसमोर व्यक्तिगत कायद्याचा प्रश्न केवळ वृत्तपत्रीय वादाच्या रूपात येऊ नये. १८६४ चा एक निर्णय, १९३९ चा एक कायदा आणि ‘हिदाया’चे एक प्रकरण शेजारी ठेवून वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर कोणता नियम ग्रंथातला, कोणता रूढीतला आणि कोणता न्यायालयाने घडविलेला, हे त्यांना स्वतः ओळखता येईल. त्यानंतर होणाऱ्या मतभेदांना निदान समान आधार लाभेल.